मॉडेल नको, वही दाखव

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरल्या की महिन्याभरात विज्ञान प्रदर्शनांचा सीझन चालू होतो. आधी शाळेचं, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं. आणि घराघरात एकच धावपळ, पोराचा प्रोजेक्ट काय करायचा. यूट्यूब उघडायचं, सायन्स प्रोजेक्ट सातवी असं टाकायचं, जे दिसायला भारी वाटेल ते निवडायचं, दुकानातनं सनबोर्ड, ग्लू गन, छोटी मोटर, एलईडीची माळ आणायची, आणि रात्री अकरा वाजता बाबा चिकटवतायत, आई रंग देतीय आणि ज्याचा प्रोजेक्ट आहे ते पोरगं कधीच झोपलंय. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांच्यासाठी तयार मॉडेलं विकतच मिळतात, सोबत पाठ करायची माहिती छापलेला कागद पण मिळतो.

मला यात पालकांना दोष द्यायचा नाही आणि पोरांना तर अजिबातच नाही. शाळा जे मागते ते घर देतं. शाळेनं दिसणारी वस्तू मागितली, परीक्षकांनी दिसणाऱ्या वस्तूला मार्क दिले, तर घरातनं दिसणारी वस्तूच येणार. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शाळांनी मॉडेल मागणं बंद करावं आणि वही मागावी. पोराच्या स्वतःच्या अक्षरातली, खाडाखोड असलेली, तारखा असलेली वही, जिच्यात पहिल्या पानावर एक प्रश्न आहे आणि पुढच्या पानांवर तो प्रश्न सोडवायला त्यानं काय काय मोजलं ते आहे. प्रदर्शनात टेबलावर ती वही आणि मोजायला वापरलेलं सामान, बास.

मी पालक म्हणून ही प्रदर्शनं बघत आलोय, अधूनमधून कुणी बोलावलं तर परीक्षक म्हणूनही जातो. तिथलं चित्र बघा. साबणाचा फेस आणि लाल रंग घालून उसळणारा ज्वालामुखी, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, पावसाचं पाणी साठवणारं घर, स्मार्ट सिटी. पोरगं ताठ उभं राहून घडाघडा सांगतं. मग तुम्ही मधेच थांबवून विचारा, बाळ, हे तूच का निवडलंस? किंवा विचारा की करताना तुला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं काय झालं? चेहरा एकदम कोरा पडतो. कारण वेगळं व्हायची सोयच नव्हती ना, उत्तर आधीच माहीत होतं, वस्तू फक्त ते दाखवायला बनवली होती. त्या सिरिंजच्या जेसीबीत पास्कलचा नियम आहे हे त्याला पाठ असतं, पण बारीक सिरिंज दाबली आणि पलीकडं जाड लावली तर जोर किती पटीनं वाढतो आणि त्याच्या बदल्यात दांडा किती कमी सरकतो हे पट्टी लावून कधी मोजलेलं नसतं. तेच मॉडेल, तीच सिरिंज, पण पाच मिनिटं मोजमाप केलं असतं तर तो खरा प्रयोग झाला असता.

याहून गंभीर गोष्ट दहावीच्या प्रॅक्टिकलची. विज्ञानाला दोन पेपर ४०-४० मार्कांचे आणि २० मार्क प्रात्यक्षिकाचे. हे २० मार्क कसे मिळतात ते प्रत्येक घराला माहिती आहे. मागच्या वर्षीच्या दादा-ताईचं जर्नल आणायचं आणि आकडे उतरवायचे. किती शाळांत असं होतं ते मी सांगू शकत नाही, चांगल्या शाळाही आहेत, जीव तोडून शिकवणारे सर-मॅडम आहेत, पण जर्नल उतरवणं ही गोष्ट आपल्याला धक्कादायक वाटेनाशी झालीय हे तर खरं आहे. एक साधा प्रयोग घ्या, लंबकाचा. १ मीटर दोरीला नट बांधून सोडला तर २० झोके पूर्ण व्हायला ४० सेकंद लागतात. पोरगं मोजतं, त्याला ३७ येतात. आता इथं खरं विज्ञान सुरू व्हायला पाहिजे होतं, की ३७ का आले? दोरी कुठपासून मोजली, गाठीपासून की नटाच्या मध्यापासून? झोके मोजताना पहिला झोका एक धरला की शून्य? घड्याळ उशिरा चालू झालं का? यातलं एकेक तपासायला दहा मिनिटं लागतात आणि पोरगं आयुष्यभर विसरत नाही. पण होतं काय, तर ३७ खोडरबरानं पुसायचं आणि ४० लिहायचं. कधी पोरगं स्वतः करतं, कधी त्याला तसं सांगितलं जातं. पंधरा वर्षांच्या लेकराला आपण विज्ञानाच्या तासाला खोटा आकडा लिहायला शिकवतो आणि वर त्याला मार्क देतो. वाईट वाटतं मला याचं, मनापासून. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, आणि त्या दृष्टिकोनाची सगळ्यात पहिली पायरी हीच की जे दिसलं तेच लिहायचं.

आता कुणी म्हणेल ठीक आहे, पण मुलांनी प्रश्न आणायचे कुठनं? अहो, कोल्हापुरात राहून हा प्रश्न पडतो याचंच मला नवल वाटतं!

किरणोत्सवच घ्या. अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येऊन मूर्तीपर्यंत पोचतात. आपण सगळे लहानपणापासनं ऐकतो, बघायला जातो, हात जोडतो. पण वर्षातनं याच दोन वेळा का हे वर्गात कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. कॅलेंडर घेऊन पोराला मोजायला सांगा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत दिवस ४१. २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत दिवस ४२. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या अलीकडं आणि पलीकडं जवळपास सारखंच अंतर. मावळणारा सूर्य नोव्हेंबरात दक्षिणेकडं सरकताना एका जागेवरनं जातो आणि उत्तरेकडं परत येताना फेब्रुवारीच्या तोंडावर त्याच जागेवर येतो, म्हणून किरणं दोनदा आत येतात. हे मी सांगून टाकलं, पण पोरानं हे स्वतः शोधायला पाहिजे. रंकाळ्याच्या चौपाटीवर दर रविवारी एकाच कट्ट्यावर, एकाच जागी उभं राहायचं, पलीकडच्या काठावरची झाडं, इमारती यांचं एक रेखाचित्र वहीत काढून ठेवायचं, आणि सूर्य तांबडा होऊन टेकला की चित्रात तिथं खूण करून तारीख टाकायची. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची असते. डिसेंबर ते जून या काळात सूर्य मावळायची जागा कोल्हापुरातनं जवळजवळ ४९ अंश सरकते, म्हणजे पाच मुठी. पाच मुठी! हे पुस्तकात वाचून काही होत नाही, स्वतःच्या हातानं मोजलं की आपण फिरणाऱ्या, कललेल्या गोळ्यावर उभे आहोत हे आत उतरतं. आणि यानं भक्ती कमी होते असं कुणाला वाटत असेल तर मला तसं वाटत नाही, उलट ज्यांनी ते देऊळ त्या दिशेला उभं केलं त्यांच्याबद्दल आदर वाढतो.

सूर्यावरनंच अजून एक. मैदानात १०० सेंटिमीटरची काठी सरळ उभी करा. २२-२३ सप्टेंबरला दुपारी तिची सगळ्यात आखूड सावली कोल्हापुरात ३० सेंटिमीटर येते. त्यावरनं आपलं गाव विषुववृत्तापासनं किती अंश वर आहे ते निघतं, १६.७. आणि गंमत म्हणजे ही आखूड सावली बाराच्या ठोक्याला येत नाही, साडेबाराच्या अलीकडं-पलीकडं येते, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि आपण ७४ वर राहतो. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूनं टिंब करणाऱ्या पोराला हे आपोआप दिसतं, आणि मग ते सरांना विचारतं की सर घड्याळ चुकतंय का. हा प्रश्न पोराच्या तोंडून आला की तो प्रोजेक्ट झाला. खर्च काय, एक काठी आणि एक खडू. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आणि मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की सावली काठीच्या पायाशीच राहते, पण ऑगस्टात आभाळ आणि मेमध्ये सुट्टी, म्हणून शाळेत तो बघायचा राहून जातो. मेमध्ये घरी गच्चीवर बघा.

पण या सगळ्यापेक्षा मला जो प्रोजेक्ट कोल्हापूरच्या प्रत्येक शाळेत व्हावासा वाटतो तो पंचगंगेचा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथल्या लहान पोराला पण तोंडपाठ आहेत. जुलैमध्ये घरोघरी सकाळी उठल्या उठल्या पहिला प्रश्न असतो, पाणी किती फुटांवर आलं. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली, दुधाळी, पलीकडं चिखली-आंबेवाडी, ज्यांची घरं त्यात गेली त्या घरातली पोरं आज सातवी-आठवीत आहेत. त्यांना पूर या विषयावर कुणी चिकटकामाचं मॉडेल करायला सांगावं? त्यांच्याकडं खरा डेटा आहे. जून ते सप्टेंबर रोजची पातळी पेपरात येते, ती वहीत उतरवा. शेजारच्या रकान्यात गगनबावड्याचा पाऊस, त्याच्या शेजारी राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याच्या दाबानं आपोआप उघडणारे, वीज लागत नाही, आणि एका दरवाजातनं १४२८ क्युसेक पाणी पडतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, म्हणजे एका दरवाजातनं सेकंदाला ४० हजार लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर एका सेकंदात. बातमीतला रोजचा आकडा असा सोडवला की पोराच्या डोळ्यासमोर येतो.

मग त्या रकान्यांवरनं प्रश्न निघतात. दरवाजा उघडल्यापासनं बंधाऱ्याला पाणी वाढायला किती तास लागतात? ३० वरनं ३४ व्हायला जेवढा वेळ लागला तेवढाच ३९ वरनं ४३ ला लागला का, आणि नसेल तर का? नदी पात्राबाहेर पडली की शेतातनं पसरते, मग एकेक फूट वाढायला जास्त पाणी लागतं, हे आलेखात वाकलेल्या रेषेत दिसायला लागतं. आणि गल्लीतल्या भिंतींवर अजून पुराच्या खुणा आहेत, कुणी रंगानं रेघ मारून ठेवलीय. गवंडी वापरतात तो पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप घेऊन गल्लीतल्या सगळ्या खुणा एका पातळीत येतात का बघायचं. ज्या घरच्या आजोबांना आठवतंय त्यांच्याकडनं २००५ ची खूण कुठं होती ती पण विचारायची. एका वर्गानं हे केलं आणि पुढच्या वर्षीच्या वर्गानं तीच वही पुढं चालवली तर पाच-सहा वर्षांत त्या शाळेकडं गल्लीच्या पुराचा असा नकाशा तयार होईल जो ग्रामपंचायतीला, महापालिकेला सुद्धा उपयोगी पडेल. सातवीच्या पोरांनी केलेलं काम गावाच्या कामाला येणं, याच्यापुढं ट्रॉफी काय घेऊन बसलाय?

पावसाचं पण तसंच. आपल्या एकाच जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि पूर्वेला शिरोळला जेमतेम ५०० च्या आसपास, मधलं अंतर शंभर-एक किलोमीटर. सरळ उभ्या भिंतीची बाटली कापून, वरचा भाग उलटा नरसाळ्यासारखा बसवून पर्जन्यमापक होतो. गगनबावडा, पन्हाळा, करवीर, हातकणंगले, शिरोळ, प्रत्येक तालुक्यातल्या एकेका शाळेनं तो लावला आणि रोज सकाळी आठला आकडा एकमेकांना व्हॉट्सॅपवर पाठवला तर सह्याद्री पाऊस कसा अडवतो हे धड्यातलं वाक्य पोरांना स्वतःच्या आकड्यांत सापडेल.

आणि गुऱ्हाळ. प्रदर्शनाच्या सीझनलाच गुऱ्हाळं चालू असतात, वासानं कळतं. काहिलीत रस तापतो, चुन्याची निवळी घालतात, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, वर मळी येते ती काढत राहतात. गुळव्या पाक थंड पाण्यात टाकून गोळी बघतो आणि काहील उतरवायची की नाही ठरवतो. थर्मामीटर लावला तर त्या वेळी पारा ११६-११८ अंशांच्या घरात असतो, आणि तो माणूस थर्मामीटरशिवाय बोटांनी ते ओळखतो. एवढं ज्ञान शाळेपासनं सायकलच्या अंतरावर आहे. उसाचा रस थोडा आंबट असतो, आम्लता राहिली तर तापताना साखर फुटते आणि गूळ मऊ, चिकट होतो, म्हणून चुना, आणि चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो. जास्वंदीच्या फुलांचं पाणी घेऊन गेलं की रस चुन्याआधी कसा आणि नंतर कसा हे रंगावरनं तपासता येतं. गरम काहिलीजवळ पोरांना एकटं सोडायचं नाही, मोठं माणूस सोबत पाहिजेच, घरच्या विजेशी खेळ नको, ॲसिड नको, हे सांगायला नको खरं तर, तरी सांगतो.

यावर शिक्षकांचा जो आक्षेप आहे तो मला पूर्ण मान्य आहे. एका वर्गात पन्नास-साठ पोरं, त्यात निवडणुकीची कामं, सर्वे, रोजची ऑनलाइन माहिती भरणं, त्यात प्रत्येक पोराची वही कुठं वाचत बसायची? पण पन्नास प्रोजेक्ट कशाला पाहिजेत? वर्गाला पाच प्रश्न पुरे, दहा-दहा पोरांचा गट, आणि वर्षभर तोच प्रश्न. सध्या मॉडेलं गोळा करायला, त्यांची मांडणी करायला, उद्घाटनाला, पाहुण्यांच्या सत्काराला जेवढा वेळ जातो तेवढ्यात हे बसतं.

आणि सरकारी शाळेत हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना मी होशंगाबादचं उदाहरण देतो. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १९७२ साली गावाकडच्या १६ शाळांत प्रयोगातनं विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. साधं स्वस्त किट, पोरांनी गटात प्रयोग करायचे, निरीक्षणं स्वतः लिहायची, शिक्षकांच्या नियमित बैठका, आणि परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी, कारण विचारलं जायचं ते पाठ करण्यासारखं नसायचंच. ते पुढं शेकडो शाळांत पसरलं आणि तीस वर्षं चाललं, २००२ ला सरकारनं बंद केलं. बंद झालं याचं दुःख आहे, पण तीस वर्षं चाललं हेही तितकंच खरं. आपल्याकडं सुद्धा राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस १९९३ पासनं आहे, १० ते १७ वयाच्या पोरांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यायचा आणि नोंदी ठेवायच्या हीच तिथली पद्धत. म्हणजे मी काही नवीन मागत नाहीये. जी पद्धत थोडीशी पोरं एका स्पर्धेपुरती वापरतात ती सगळ्या पोरांना मिळावी एवढंच.

पालकांचा आक्षेप वेगळा, याचे मार्क किती? नीट आणि जेईईला याचा काय उपयोग? आठवीत ज्याला कोटा-लातूर डोळ्यासमोर दिसतंय त्या आई-बापाची काळजी मी समजतो. पण आलेख वाचता येणं, एकक बदलता येणं, उत्तर बरोबर वाटतंय का याचा अंदाज येणं, हे सगळं त्या परीक्षांना लागतंच आणि ते क्लासच्या नोट्समधनं नीट येत नाही. आणि समजा अजिबात उपयोग झाला नाही तरी माझं मत बदलणार नाही. मोठेपणी व्हॉट्सॅपवर आलेला औषधाचा मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे कुणी मोजलं, कसं मोजलं असं विचारणारा माणूस मला या गावात पाहिजे.

अजून एक गोष्ट आहे जी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. मॉडेलच्या स्पर्धेत पैसा जिंकतो. ज्याच्या घरी इंजिनियर बाबा आहेत, थ्रीडी प्रिंटर भाड्यानं आणायची ऐपत आहे, त्याचं मॉडेल उठून दिसणारच. ऊसतोड मजुराची मुलगी, उद्यमनगरात फौंड्रीत कामाला जाणाऱ्याचा मुलगा, त्यांनी काय करायचं? पण वहीच्या स्पर्धेत चित्र पालटतं. फौंड्रीतल्या वाळूत ओलावा किती असला की साचा ढासळत नाही हे त्या मुलाचा बाप मुठीत वाळू दाबून सांगतो, त्या मुलाला प्रश्न बाहेरनं आणायची गरजच नाही. मुलगी उसाच्या फडात आई-बापासोबत असते, तोडल्यानंतर ऊस उन्हात ठेवला तर दिवसागणिक वजन किती घटतं हे ती तराजूवर मोजू शकते, आणि हा आकडा शेतकऱ्यापासनं कारखान्यापर्यंत सगळ्यांच्या खिशाशी जोडलेला आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते सगळ्यांची पोरं शाळेत यावीत म्हणून. त्याच गावात शंभर वर्षांनंतर विज्ञानाच्या नावाखाली पोरांना आई-बापाच्या खिशाप्रमाणं नंबर मिळावेत हे मला सहन होत नाही.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, रामन यांच्या १९२८ च्या शोधाचा दिवस. त्यांनी सुरुवातीची निरीक्षणं सूर्यप्रकाश, रंगीत काचा, शुद्ध केलेले द्रव आणि स्वतःचे डोळे एवढ्यावर केली होती. त्या दिवशी आपल्याकडं भाषणं होतात, १९३८ ला कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांचंही नाव अभिमानानं घेतलं जातं. घ्यावंच. पण त्या दिवसाचे दोन तास भाषणाऐवजी पोरांच्या वह्या वाचायला द्यावेत. परीक्षकांनी मॉडेलपुढं दोन मिनिटं थांबण्याऐवजी एका वहीला पंधरा मिनिटं द्यावीत, आकडा खोडलेला दिसला तर मार्क कापण्याऐवजी का खोडला ते विचारावं, शेजारी नवीन आकडा आणि कारण लिहिलं असेल तर जास्त मार्क द्यावेत. आणि जिल्ह्यातल्या एका तरी तालुक्यानं पुढच्या प्रदर्शनात एक बक्षीस अशा वहीसाठी राखून ठेवावं जिच्या शेवटच्या पानावर लिहिलंय की आमचा अंदाज चुकला, आणि त्या पोरांना स्टेजवर बोलवून अंदाज काय होता, मोजल्यावर काय निघालं आणि आता पुढं काय मोजणार आहेत हे त्यांच्याच भाषेत, माईकवर, निवांत सांगू द्यावं.